आयासची मोकळी जागा

आमच्या नारिका गावाचे पुरुष भाले घेऊन रांगेत उभे राहिले, की मधोमध एका माणसाची जागा मोकळी सोडायचे. लढाई असो, सण असो, नाहीतर नुसती शपथ घ्यायची असो, दोन ढालींच्या मधे ती फट असायचीच. ती आयासची जागा. मोठा आयास नव्हे, तो डोंगराएवढा, तो वेगळा. हा आमचा, आमच्या लोक्रिस प्रांतातला, धाकटा, वाऱ्यासारखा पळणारा. त्याला मरून किती पिढ्या झाल्या देवांना ठाऊक, पण रांगेत तो अजून येऊन उभा राहतो हे प्रत्येकाच्या कानावर लहानपणापासून घातलेलं. त्याच्या जागेत दुसऱ्या कुणी पाय ठेवला तर सूर्य मावळायच्या आत त्याच्या छातीत भाला घुसतो, आणि तो भाला कुणाला दिसत नाही, असं म्हणत. त्या जागेत एके दिवशी आमची मिर्तो जाऊन उभी राहिली. साठीच्या पुढची बाई, अनवाणी, हातात खराटा.

मिर्तो खराटे बांधून विकायची. डोंगराच्या उतारावरची काटक झुडपं कापून आणायची, उन्हात वाळवायची, ओल्या सालीने आवळायची. तिचा खराटा दोन वर्षं बांधणीत हलत नसे. कुणी म्हणालं, "मिर्तो, काय सुरेख बांधतेस गं," तर ती म्हणायची, "सोळा वर्षं देवीकडे शिकलेय, उगीच नाही." मग समोरचा माणूस खराटा उचलून चालू लागायचा. ती सोळा वर्षं कुठली, ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्याबद्दल बोलायचं नाही हेही सगळ्या गावाने ठरवून टाकलं होतं.

आता ते का, हे मुळापासून सांगायला हवं. ट्रॉय पडलं त्या दिवशी तिथल्या राजाची मुलगी कसांद्रा जीव वाचवायला अथीनेच्या देवळात शिरली आणि देवीच्या लाकडी मूर्तीला मिठी मारून बसली. देवाच्या पायाशी बसलेल्याला हात लावायचा नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आमच्या आयासला कळलं नाही. त्याने तिला केसांना धरून फरफटत बाहेर काढली, मूर्तीसकट. देवीला म्हणे ते पाहवेना, तिने डोळे वर छताकडे फिरवले, ते अजून वरच आहेत. परतताना आयासचं जहाज फुटलं, तो एका खडकावर चढला आणि तिथून ओरडला, "देवांची इच्छा नव्हती, तरी वाचलो बघा!" तेव्हा समुद्राच्या देवाने तो खडकच फोडला. आयास बुडाला. इथे हिशेब संपायला हवा होता की नाही? पण नाही! लोक्रिसमधे साथ आली, उभी पिकं करपली, आणि कौल लावायला गेलेल्यांना उत्तर मिळालं की आयासच्या कुळातल्या दोन मुली ट्रॉयला पाठवा, अथीनेचं देऊळ झाडायला. एकदा नाही, हजार वर्षं. पहिल्या दोघी थकल्या की दुसऱ्या दोघी.

पाप कुणी केलं आणि झाडतंय कोण! पण हे तोंडाने म्हणायचं नाही.

मिर्तो पंधरा वर्षांची असताना तिचं नाव निघालं. देवाच्या आवारातल्या आयासच्या पूजेच्या ओट्यासमोर कुळातले पुरुष रांग लावतात, मधल्या मोकळ्या जागेत काशाचं जुनं शिरस्त्राण पालथं नव्हे, उताणं ठेवतात, आणि त्यात मुलींची नावं लिहिलेल्या खापऱ्या टाकतात. कुळाचा वडीलधारा तीनदा हाक मारतो, "आयास, आलास का?" कुणी बोलत नाही. ते न बोलणं म्हणजेच तो आला. मग खापऱ्या काढतात. मिर्तोची खापरी निघाली तेव्हा तिचा बाप रांगेतच होता, मोकळ्या जागेच्या अगदी डाव्या हाताला. त्याने मान खाली घातली, पण जागा सोडली नाही. मिर्तोने पुढे आयुष्यभर त्याच्याबद्दल वाईट शब्द काढला नाही, आणि चांगलाही काढला नाही.

तिच्याबरोबर निकिप्पा म्हणून एक होती, तिच्याहून वर्षाने लहान. दोघींचे केस कापले, पायातलं काढून घेतलं, अंगावर एक एक साधं वस्त्र दिलं. ट्रॉयच्या काठाशी पहाटेच्या धुक्यात जहाजवाल्याने दोघींना गुडघाभर पाण्यात उतरवलं आणि म्हणाला, "समोर टेकडी. पळा." कारण तिथली रीत अशी, की लोक काठावर दगड घेऊन उभे असतात. देवळापर्यंत पोचलात तर देवीच्या, वाटेत सापडलात तर मेलात. मिर्तो पळाली. निकिप्पाच्या खांद्यावर एक दगड बसला, तरी तीही पळाली. त्यानंतर सोळा वर्षं देऊळ झाडायचं, सडा घालायचा, देवीसमोर जायचं नाही, दिवसा आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

सातव्या वर्षी निकिप्पा तापाने गेली. फळ न देणाऱ्या झाडांची लाकडं रचून तिला जाळली आणि राख तिथल्या भूशिराच्या टोकावरून समुद्रात फेकली, कारण अशा मुलींना तिथल्या मातीत जागा नाही. त्या दिवशी मिर्तोने हातातला खराटा खाली ठेवला आणि सरळ गाभाऱ्यात गेली. कुणी अडवायच्या आत ती मूर्तीच्या समोर उभी होती. मूर्ती माणसाच्या उंचीचीही नव्हती, धुराने काळी पडलेली. आणि डोळे खरंच वर.

"काय बघतेस वर?" मिर्तोने तिला विचारलं. "कसांद्रेला ओढलं तेव्हाही वरच बघत होतीस. आज निकिप्पा गेली. जरा खाली बघ की!"

छत कोसळलं नाही, वीज पडली नाही. पुजारणींनी बखोटीला धरून बाहेर काढली, आणि दुसऱ्या दिवशी मिर्तो पुन्हा झाडायला लागली. पण त्या दिवसापासून ती मनातून कुणालाही भीत नव्हती.

एकतिसाव्या वर्षी ती परत आली. तोवर आई गेली होती. कशाने? साथीने! मुलगी तिकडे साथ येऊ नये म्हणून झाडत होती आणि इकडे आई साथीने गेली. हे मिर्तो कुणालाही, कधीही, भर बाजारात ऐकवायची, आणि लोक मासे निवडण्यात गुंग झाल्यासारखं करायचे. तिच्याशी लग्न कोण करणार? देवीच्या उष्ट्याला हात कोण लावणार? केस तिने पुढेही आखूडच ठेवले. कुणी विचारलं तर म्हणायची, "धरायला सापडू नयेत म्हणून."

भावाने तिला घराशेजारी एक खोली दिली. भाऊ गेल्यावर भाच्याने, म्हणजे दामिसने, ती खोली तशीच ठेवली. दामिस चांगला माणूस, पण वरच्या आवाजात कुणी बोललं की त्याचा आवाज बसायचा. त्याला एकच मुलगी, रोदी. चौदा वर्षांची, जाड वेणीची, आणि जीभ कुणाची घेऊन आली होती ते सांगायला नको. मिर्तोचा सगळा जीव त्या पोरीत.

आणि त्या वसंतात ट्रॉयहून निरोप आला की आधीच्या दोघी थकल्या, नव्या पाठवा.

कुळात त्या वयाच्या मुली तीन होत्या. रोदी, मिकोन लोहाराची मुलगी, आणि कुळाचा वडीलधारा जो थेरोन, त्याची नात. पण थेरोनच्या नातीचं निरोप यायच्या महिनाभर आधी अचानक लग्न ठरलं, आणि वाग्दत्त मुलीचं नाव खापरीवर येत नाही. राहिल्या दोघी. काढायच्या खापऱ्या दोन, शिरस्त्राणातही दोनच. तरी रांग लागणार होती, तीन हाका मारायच्या होत्या, सगळं साग्रसंगीत व्हायचं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मिर्तो दामिसकडे जेवायला होती. जवाची भाकर, कांदा, बकरीचं चीज.  मिर्तोच तेवढी जेवत होती.

"पाण्यातून निघालीस की उजवीकडे जाऊ नको," ती रोदीला सांगत होती. "उजवीकडे वाट सोपी दिसते, म्हणून तिथेच उभे असतात मेले. डावीकडे काटे आहेत. काट्यातून जायचं. पाय फाटले तर फाटू दे."

"आत्या, पुरे ना," दामिस म्हणाला. "घाबरवू नकोस पोरीला."

"घाबरवत नाहीये, पळायला शिकवतेय. तुला दुसरं काही शिकवता येत असेल तर तू शिकव."

दामिसने मान खाली घातली. अगदी मिर्तोच्या बापासारखी. मिर्तोने ते पाहिलं आणि हातातली भाकर खाली ठेवली.

 मग रोदीने विचारलं, "आत्याआजी, हजार वर्षांतली किती झाली?"

"मोजणारे कधीच मेले."

"आणि आयास दर वेळी रांगेत येतो?"

"म्हणतात तसं."

"मग त्यालाच पाठवा ना! केलं त्याने. येतो तर येतो, तसाच पुढे जहाजात बसू दे. झाडू दे देऊळ. मी माझा खराटा देते त्याला."

दामिस घाईघाईने दाराबाहेर बघून आला, कुणी ऐकलं तर नाही म्हणून. मिर्तो मात्र पोरीकडे बघतच राहिली. तिने शेहेचाळीस वर्षं नाना शिव्या दिल्या होत्या, पण एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. ती उठली, रोदीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "उद्याला वेणी घट्ट घाल." 

दुसऱ्या दिवशी सकाळी आयासच्या ओट्यासमोर रांग लागली. पंचवीस-तीस पुरुष, ढाली, भाले, घासून चकचकीत केलेली शिरस्त्राणं. मधे फट. फटीच्या डाव्या हाताला दामिस, कारण ती जागा बापाकडून मुलाकडे चालत आलेली. उजव्या हाताला मिकोन लोहार, आडदांड, सकाळपासून डोळे लाल. दोघी मुली पांढऱ्या कपड्यात एका बाजूला, मागे बायका. मुलींच्या शेजारी केस कापायची कात्री नुसत्या एका दगडावर ठेवलेली.

थेरोनने घसा साफ केला. त्याचा आवाज मोठा, आणि त्याला तो आवडायचा. "आयास, आलास का?" कुणी बोललं नाही. "आयास, आलास का?" वाऱ्याने ऑलिव्हची पानं हलली, बाकी शांत. "आयास, आलास का?"

"तो नाही आला," बायकांमधून आवाज आला. "मी आलेय."

आणि मिर्तो चालत पुढे आली. खराटा हातात. मोकळ्या जागेतलं शिरस्त्राण तिने पायाने हलकेच बाजूला सारलं, वळली, आणि दामिस आणि मिकोनच्या मधे, थेरोनकडे तोंड करून उभी राहिली.

 एकदम गलका झाला. एका बाईने किंकाळी फोडली. रांगेतल्या एकाने भाला टाकून दिला आणि लगेच उचललाही. दामिसच्या तोंडचं पाणी पळालं.

"आत्या," तो ओठ न हलवता म्हणाला, "आत्या, बाहेर हो. मरशील गं."

"सूर्य मावळेपर्यंत वेळ आहे ना? मग आत्तापासून कशाला रडतोस?"

थेरोन लाल झाला. "मिर्तो! डोकं फिरलंय का तुझं? ती वीराची जागा आहे!"

"असेल ना. त्याला म्हणावं, ये आणि मला उठव. मी त्याच्यासाठी सोळा वर्षं झाडलंय, त्याने एवढं तरी करावं."

"ओढा तिला बाहेर!" थेरोनने रांगेच्या टोकाच्या दोघा तरण्यांना हुकूम सोडला.

दोघे दोन पावलं पुढे आले. मिर्तोने डोकं त्यांच्यापुढे वाकवलं. "या रे. देवाच्या आवारात उभी आहे मी, ओटा माझ्या पाठीशी आहे. केसांना धरा आणि फरफटत न्या. आपल्यात असंच करतात, रीत आहे आपली! केस आखूड आहेत, नीट धरा."

दोघे जागच्या जागी थिजले. त्यांच्याकडे सगळं गाव बघत होतं, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तीच एक गोष्ट होती, जी लहानपणापासून ऐकली होती. त्यातला एक मागे सरला. मग दुसराही.

"भले," मिर्तो म्हणाली. "एवढी अक्कल आयासला असती तर आज आपण सगळे घरी असतो."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं.

थेरोन खुळा नव्हता. त्याने एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा मिर्तोच्या पायांकडे. म्हातारीचे पाय सुजलेले होते, आणि दिवस उन्हाचा होता. तो सावकाश म्हणाला, "ठीक आहे. ऐका सगळे. ती जागा मोकळी झाल्याशिवाय खापऱ्या काढता येत नाहीत, आणि खापऱ्या निघाल्याशिवाय रांग मोडता येत नाही. तेव्हा थांबू. ही बाई सूर्य मावळायच्या आत पडली, तर तिला आयासने मारलं. आणि मुली उद्याच जातील."

"आणि नाही पडले तर?" मिर्तोने विचारलं.

"पडशील."

"नाही पडले तर, थेरोन? बोल की. एवढा मोठा आवाज आहे तुझा."

 तेव्हा मिकोन लोहार पहिल्यांदा बोलला. रांगेत बोलायचं नसतं, पण तो बोलला. "नाही पडली, तर आयास येत नाही. आणि जो येतच नाही, त्याच्या नावाने माझी पोर जाणार नाही."

"कबूल?" मिर्तोने विचारलं.

सगळ्यांचे डोळे थेरोनवर. "कबूल," तो म्हणाला, आणि जाऊन झाडाखाली सावलीत बसला.

सकाळ बरी गेली. माणसं घामाघूम झाली, पण चेष्टेचं बळ होतं. कुणी म्हणालं, "मिर्तो, आयास आला तर त्याला खराटा विकशील का?" ती म्हणाली, "त्याला उधार नाही." दुपारी ऊन डोक्यावर आलं तसं बोलणं आटलं. ढालीचा पत्रा तापून हात भाजू लागले. एका पोरसवद्या शिपायाला चक्कर आली, शेजाऱ्याने ढालीने आधार दिला, आणि सगळ्यांनी तिकडे न बघितल्यासारखं केलं. मिर्तो खराट्याच्या दांड्यावर टेकून उभी होती.

"टेकायचं नाही!" थेरोन सावलीतून ओरडला.

"तुझे शूर वीर सगळे भाल्यांवर टेकलेत," मिकोन म्हणाला. "आधी त्यांना सांग."

रोदी पाण्याचं मडकं घेऊन रांगेपाशी आली. थेरोनने हात वर केला. "त्या जागेत बाहेरचं काही जायचं नाही. पाणीही नाही." रोदीने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर थोबाडीत बसली असती. मग ती तिथेच, मिर्तोच्या समोर पंधरा हातांवर, मडकं घेऊन उन्हात बसली. "मग मीही नाही पीत," म्हणाली. मिकोनची पोर येऊन तिच्याशेजारी बसली.

दुपार कलताना थेरोन उठून जवळ आला. आता त्याचा आवाज खाली आला होता, आणि खरं सांगायचं तर तो घाबरलेला होता. "मिर्तो, ऐक. तुझ्यावर अन्याय झाला, मी कधी नाही म्हटलं? पण मुली गेल्या नाहीत आणि साथ आली तर? लहान लेकरं मरतील. त्यांचं पाप कुणाच्या माथी?"

मिर्तोचे ओठ सुकले होते. शब्द जड येत होते, पण आले. "मी तिथे झाडत होते तेव्हा माझी आई इथे साथीने गेली. तुझा धाकटा भाऊही त्याच साथीत गेला, थेरोन. आठवतोय ना? आमच्या खराट्याने एक तरी जीव वाचला का? मग निकिप्पा कशासाठी मेली, ते सांग. तिची राख कुठे आहे ते तरी सांग. तुझी नात जाणार असती तर तू आज कुठे उभा असतास, तेही सांग."

 थेरोन परत सावलीत गेला, पण त्याला आता तिथे बसवेना.

सूर्य डोंगराच्या काठाला टेकायला हातभर राहिला, तेव्हा मिर्तोचे गुडघे हलायला लागले. आधी थोडे, मग थांबेनात. खराटा हातातून सुटला आणि पडला. मागच्या बायकांमधे "अगं बाई!" असा उसासा उठला. तिला समोरचं दिसेनासं झालं होतं. कानात लाटांचा आवाज, आणि निकिप्पा कुठेतरी मागून हाक मारतेय असं वाटत होतं. मान मागे जायला लागली, डोळे वर फिरायला लागले.

"आत्याआजी!" रोदी उठून किंचाळली. "वर बघू नकोस! त्या देवीसारखं वर नको बघूस! माझ्याकडे बघ! खाली बघ!"

मिर्तोने डोळे खाली आणले. किती कष्टाने आणले, तिचं तिला माहीत. समोर पोर दिसली, जाड वेणीची, मडकं अजून भरलेलं. पण गुडघे ऐकायला तयार नव्हते. ती डाव्या अंगाला कलली.

डाव्या अंगाला दामिस होता.

त्याच्या बापाने, त्याच्या आज्याने याच जागेवर उभं राहून माना खाली घातल्या होत्या. त्याला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, फटीच्या बाजूला सरकायचं नाही, एक बोटही नाही, सरकलास तर भाला तुला. दामिसचे डोळे गच्च मिटलेले होते. आणि डोळे मिटलेल्या अवस्थेतच तो एक पाऊल उजवीकडे सरकला. त्याचा खांदा मिर्तोच्या खांद्याला लागला. ती पडली नाही.

"दामिस!" थेरोन ओरडला. "जागा! आयासची जागा!"

"माझी आत्या आहे ती," दामिस म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण गावाने तो याआधी ऐकलेला नव्हता. "माझी पोर आहे ती तिथे. मारू दे मला."

मिकोनने मग विचारही केला नाही. तो धाडकन एक पाऊल डावीकडे आला. ढालीवर ढाल आपटली. मिर्तो दोघांच्या मधे घट्ट उभी राहिली, पाय जमिनीला टेकलेत की नाहीत कुणाला दिसेना. आणि मिकोन सरकला म्हणून त्याच्या पलीकडचा सरकला, कारण रांगेत तसंच शिकवलेलं असतं, शेजारी सरकला की आपण सरकायचं. ढालींचा आवाज टोकापर्यंत गेला. रांग सलग झाली. नारिकाची रांग सलग झालेली त्या आवारातल्या कुणीही आयुष्यात पाहिली नव्हती.

सगळे वाट बघत राहिले. भाला आला नाही.

सूर्य मावळला.  मग रोदी मडकं घेऊन धावली, आणि मिर्तो एवढं पाणी प्यायली की निम्मं अंगावर सांडलं. पहिलं वाक्य ती बोलली ते असं, "दामिस, डोळे उघड मेल्या. जिवंत आहेस." मग तो तिथेच, ढालीसकट, सगळ्यांच्या देखत हमसून हमसून रडला, आणि मिर्तोही रडली. शेहेचाळीस वर्षांनी.

थेरोनने शब्द पाळला. पाळला नसता तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, पण पाळला खरा. जहाज मात्र जायचंच होतं. देवीकडे रिकामं जहाज कोण पाठवणार? बैल चढवला, तेलाचे घडे चढवले. मिर्तो चार दिवस उठू शकली नाही. पाचव्या दिवशी अंथरुणात बसून तिने रोदीकडून झुडपं मागवली. एक खराटा तिने बांधला, दुसरा रोदीकडून बांधून घेतला. रोदीचा दोनदा सुटला, दोन्ही वेळा मिर्तोने तो तिच्या अंगावर फेकला.

जहाज सुटायच्या सकाळी ती काठी टेकत बंदरापर्यंत उतरली आणि दोन्ही खराटे जहाजवाल्याच्या हातात दिले.

"हे कुणाला द्यायचे?" त्याने विचारलं.

"देवळात दे. म्हणावं, नारिकाहून दोघी आल्यात. दोन वर्षं हलायच्या नाहीत. त्यानंतर ज्याला झाडायचं असेल त्याने आपला खराटा आपण बांधावा." ती वळली, मग पुन्हा थांबली. "आणि ट्रॉयच्या टोकावरून जाताना पाण्यात थोडं तेल सोड. निकिप्पासाठी म्हणून सोड. नाव घेऊन सोड, बरं का."

जहाज निघालं. काठावर मिकोनची पोर होती, दामिस होता, आणि त्याच्या शेजारी रोदी उभी होती, पायात चपला, पाठीवर जाड वेणी. मिर्तोने ती वेणी हातात धरली, हलकेच, आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत सोडली नाही.